एकोणतिसावा ठिपका

३ जानेवारी

चि. मुंगीस,

अक्षर ओळखलं असशील. ओळखूनही पाकीट फोडलंस, असं धरून लिहितो. पत्ता तुझ्या शाळेच्या कार्यालयातून मिळवला. 'मी तिचा मामा' म्हटल्याबरोबर तिथल्या बाईंनी लगेच सांगून टाकला. त्यांना रागावू नकोस. फोन केला नाही, कारण चौदा वर्षांपूर्वी तू तो कसा आपटलास ते माझ्या कानाला अजून आठवतं.

मी फेब्रुवारीअखेर निवृत्त होतोय. खोली आवरायला घेतली आहे. विभागप्रमुख आता तुझ्या वर्गातली ती उंच मुलगी, जी माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसून नखं खायची. फार गोड बोलते. "सर, अगदी सावकाश आवरा, घाई नाही," म्हणते आणि रोज सकाळी दारात दोन रिकामे खोके ठेवून जाते. तिसऱ्या मजल्यावरची तीच खोली, तेच गळकं कपाट, तोच फळा. चौतीस वर्षांचे कागद बाहेर काढले तर सगळे मिळून पाच खोके झाले. मला वाटलं होतं, निदान वीस होतील.

तुझी आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तिची जीभ शाबूत आहे. हे पत्र लिहितोय ते तिला ठाऊक नाही. तुझं नाव घरात निघत नाही, तू कधी विचारपूस केली नाहीस आणि तीही तुझीच आई, तितकीच हट्टी.

अठ्ठावीस फेब्रुवारीला माझा समारंभ आहे. दोन दिवसांचं चर्चासत्र, बाहेरगावचे पंधरा जण, आणि चर्चासत्राच्या नावातच माझं प्रमेय. जिवंतपणी असं फार जणांचं होत नाही. त्यानिमित्त माझे निवडक लेख छापायचं चाललंय आणि त्यासाठी जुन्या फायली चाळताना तुझा तो कागद सापडला. निळ्या शाईतला, अठ्ठावीस ठिपक्यांचा. मागे टाचलेली तुझी सहा पानंही आहेत. तुझ्यानंतर त्या विषयावर मी कुणालाच काम दिलं नाही, म्हणून ती फाईल उघडलीच गेली नव्हती.

एक सहज विचारतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना छेदून जातात. तिथे तू ठिपका काढला होतास का? आठवत असेल तर दोन ओळी टाक. नसेल आठवत तरी काही बिघडत नाही.

मामा

१९ जानेवारी

मुंगे,

सोळा दिवस झाले. टपालखात्याला दोष देऊन पाहिला, पटलं नाही.

'सहज विचारतो' असं मी लिहिलं. या वयात माणूस सहज काही विचारत नाही. सरळच सांगतो. तू आठवीच्या मुलींना शिकवतेस असं कळलं, म्हणून त्यांना सांगावं तसं लिहितो. तुला गरज नाही, मला आहे. हे सगळं मला एकदा साध्या भाषेत लिहून बघायचंय.

आमच्या विषयात फक्त ठिपके असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. माझं प्रमेय असं: ज्या आकृतीत प्रत्येक ठिपक्याला बरोबर तीन रेघा जोडलेल्या आहेत, आणि कुठल्याही दोन रेघा पुसल्या तरी जी तुटून दोन तुकडे होत नाही, तिच्यात रेघांवरूनच चालत प्रत्येक ठिपक्याला एकेकदाच भेट देऊन परत सुरुवातीला येता येतं. अशी फेरी असतेच. त्यासाठी मी आणखी एक अट घातली होती, ती इथे सोडतो, मुलींना झोप येईल. या 'असतेच'वर माझं नाव झालं. आणि 'असतेच' म्हणणाऱ्याला खोटं पाडायला एकच आकृती पुरते, जिच्यात ती फेरी नाही.

तू ती आकृती आणलीस. जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस, "मामा, जरा बघता का? माझंच चुकत असणार." तुला वाटलं होतं तुझंच चुकत असणार. मलाही तेच वाटलं.

मोजताना पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवत जायची माझी सवय तुला माहीत आहे. लहानपणी तू माझ्या पेन्सिलीमागून बोट फिरवायचीस, त्यावरूनच तुझं नाव मुंगी पडलं. त्या संध्याकाळीही मी टेकवत गेलो. दुसऱ्या दिवशी चर्चावर्गात तुझी आकृती फळ्यावर उतरवली, कागद हातात धरून, बघून बघून. आणि वरच्या डाव्या कोपऱ्याशी थांबलो. म्हणालो, "इथे किती रेघा येतात? चार. माझं प्रमेय तीन रेघांचं आहे. प्रश्न मिटला."

तू उठून म्हणालीस, "तिथे ठिपका नाहीये. रेघा नुसत्या एकमेकींवरून गेल्यात."

मी म्हणालो, "आहे. कागद माझ्या हातात आहे."

तू पुढे येऊन फळ्यावरचा ठिपका पुसलास. तेव्हा मी, वीस माणसांसमोर, म्हणालो, "पकडली गेल्यावर आकृती बदलायची नसते." पुढे असंही म्हणालो की जिला आपल्या आकृतीत ठिपके किती हे धड माहीत नाही तिची सहा पानं कोण वाचणार. सगळे हसले. नखं खाणारीही हसली.

आता फायलीत कागद पाहिला. तुझे ठिपके शाईचे आहेत, निळे. कोपऱ्यातला एक करडा आहे. तो पेन्सिलीचा आहे, मुंगे. माझ्या पेन्सिलीचा. कुठलाही विद्यार्थी पहिल्याच तासाला शिकतो की रेघा छेदल्या म्हणजे तिथे ठिपका असतो असं नाही. ते मीच शिकवायचो, आणि चुकणाऱ्याला उभं करायचो.

प्रमेय खोटं आहे. ते तू सव्विसाव्या वर्षी दाखवलंस. नियतकालिकाला पत्र लिहून दुरुस्ती छापायला सांगतो, तुझं नाव पहिलं. सोबत तुझ्या कागदाचा फोटो पाठवतोय. उशीर झाला खरा, पण हे मला आत्ता कळलं.

मामा

६ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र आलं. शाळेच्या वहीचं पान, समासाची लाल रेघ, चार ओळी. मी त्या पाठ केल्या, म्हणून उतरवून काढायला तुझा कागद समोर लागत नाही.

"मामा, फोटोत कोपऱ्यातला कागद पांढरा पडलाय. ठिपका खोडलात. खोडरबर घेऊन बसलात म्हणजे 'आत्ता कळलं' हेही खोटं असणार. मासिकात नाव नको. आईला सांगा."

तुला डॉक्टरेट दिली नाही ते विद्यापीठाचं नुकसान झालं. चौदा वर्षं आठवीचे पेपर तपासूनही तुझी नजर तशीच आहे. मी इथे हसलो, आणि मग त्या चार ओळी पुन्हा वाचल्या.

हो, खोडला. फोटो काढण्याआधी. कागद स्वच्छ दिसावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण पत्रात कबूल करून टाकलेली गोष्ट कागदावरून पुसायची काय गरज होती? चोराची चाल हाताला लागलेली असते. तोंड कबूल करतं आणि हात आपलं काम करत राहतो.

आणि हो, आत्ता कळलेलं नाही.

चर्चावर्ग सोमवारी झाला. गुरुवारी मी तुझा कागद परत द्यायचा म्हणून माझ्या खुणा खोडायला बसलो. खोडरबर फिरवता फिरवता त्या ठिपक्याशी आलो आणि तो पुसट व्हायला लागला. शाई पुसट होत नाही. मी हात काढला. उरलेली दुपार खोलीचं दार आतून लावून तुझी सहा पानं वाचली. शुक्रवारी पुन्हा वाचली. तिसऱ्या पानावर तू एक प्रकार सोडलास असं वाटून माझा जीव भांड्यात पडला होता, पण तो तू पाचव्यावर घेतला होतास. पानं बरोबर होती. मी वाचलेल्यांपैकी सर्वांत नेटकी.

पुढच्या मंगळवारी माझी प्राध्यापकपदाची मुलाखत होती. एकच जागा, नऊ वर्षांनी निघालेली. समितीसमोर त्या प्रमेयाशिवाय माझ्याकडे काय होतं? म्हटलं, मुलाखत होऊ दे, मग सांगतो. मुलाखत झाली. म्हटलं, नेमणुकीचं पत्र हातात येऊ दे. तोवर तू घर सोडलं होतंस, आणि मग सांगायचं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. झाकली मूठ म्हणतात ना, ती चौदा वर्षं झाकून ठेवली. बोटं आखडली.

त्या विषयावर कुणाला काम का दिलं नाही ते आता तुला कळलंच असेल. अकरा जणांना डॉक्टरेट मिळवून दिली. प्रत्येकाला त्या दारापासून लांब नेलं. एकाने फार हट्ट धरला तर त्याला म्हणालो, "त्यात आता काही उरलेलं नाही." शब्दशः खरं होतं.

नियतकालिकाला लिहीन. मराठी माणूस हिंदी म्हण फेकतो, दूध का दूध, पानी का पानी, तसं सगळं लिहीन, तारखांसकट. पण आईला सांगा म्हणतेस. मुंगे, ती आता एकसष्ट वर्षांची आहे. तिला का मध्ये आणतेस?

मामा

२४ फेब्रुवारी

मुंगे,

नियतकालिकाला पत्र गेलं. तीन पानं. तुझी आकृती, तुझी सहा पानं, पेन्सिलीचा ठिपका, सोमवार, गुरुवार, मंगळवार. तुझं नाव घातलं, तू नको म्हणालीस तरी. ते न घालता दुरुस्ती छापली तर ती दुसऱ्यांदा चोरी होईल. यावरून हवं तर भांड. तुझं भांडणही चालेल मला.

विभागप्रमुखबाईंना प्रत दिली. तिने उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली. म्हणाली, "सर, हे पत्र दोन महिन्यांनी पाठवलं असतं तर काय झालं असतं?" मी म्हणालो, "तेच मी चौदा वर्षं म्हणत आलो." तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "त्या दिवशी मी पण हसले होते." तिचा हात तोंडाकडे गेला होता. चर्चासत्र रद्द झालंय. अठ्ठावीसला विभागात चहा आणि एक पुष्पगुच्छ. माझ्या प्रमेयावर इमला बांधलेल्या एका तरुण प्राध्यापकाचा फोन आला, ओरडला नाही बिचारा. "सर, माझ्या प्रबंधातलं तिसरं आणि चौथं प्रकरण गेलं का?" एवढंच विचारलं. गेलं म्हणालो.

हे सगळं केलं. वाटलं होतं हेच अवघड. पण परगावच्या संपादकाला लिहिणं सोपं असतं गं. तो माझ्यासाठी पोळ्या लाटत नाही.

आईला सांगायला तीनदा गेलो. पहिल्यांदा ती बटाटे सोलत होती, मी बसून चार सोलून आलो. दुसऱ्यांदा तिने चष्मा शोधायला लावला. तिसऱ्यांदा परवा. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "दादा, तुझा कोट इस्त्रीला दिलाय." समारंभ रद्द झाल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. मग खुर्ची ओढून समोर बसली, आणि चौदा वर्षांत प्रथमच तुझं नाव काढलं.

"मुंगीला बोलवायचं का रे?" म्हणाली. "तिला लाज वाटत असेल म्हणून येत नाही. लबाडी केली, पण तेव्हा लहानच होती ना. पोटची आहे. तू मोठ्या मनानं माफ करून टाक तिला."

मी म्हणालो, "बघू." मुंगे, मी 'बघू' म्हणालो. आणि उठून हात धुवायला गेलो, हात स्वच्छच होते. मला स्वतःची इतकी किळस आजवर कधी आली नव्हती.

तू मासिक, नाव, पदवी सगळं बाजूला सारून एकच गोष्ट का मागितलीस ते आता कळलं. मला वाटत होतं मी तुझं श्रेय घेतलं; घेतली होती ती तुझी आई. आणि मला तू अजून मुदत दिलेली नाहीस, म्हणून मीच घालून घेतो. रविवार.

मामा

३ मार्च

मुंगे,

सांगितलं. परवा, रविवारी, दुपारची भांडी आवरून झाल्यावर.

जेवणाच्या टेबलावर तुझा कागद ठेवला. ती शाळेत सातवीपर्यंतच गेली, पण ठिपके आणि रेघा कुणालाही समजतात. म्हणालो, हे निळे ठिपके मुंगीचे, अठ्ठावीस आहेत, मोज. तिने बोटाने मोजले, दोनदा. मग कोपऱ्यातली पांढरी पडलेली जागा दाखवली. म्हणालो, इथे एकोणतिसावा होता, तो मुंगीचा नव्हता.

तिने त्या जागेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "म्हणजे तो तू काढलास?"

"हो."

"चुकून?"

"चुकून."

"मग चुकीचं काय एवढं? माणूस चुकतो." तिचा चेहरा क्षणभर सुटला, आणि मला वाटलं, इथेच थांबावं. इथे थांबलो असतो तर तिने मला तेव्हाच माफ केलं असतं, आणि तुलाही बोलावलं असतं. सगळ्यांचं भागलं असतं.

"मला चौथ्या दिवशी कळलं होतं," मी म्हणालो.

तिने हिशेब केला. मला ते दिसत होतं. तिचे ओठ हलत होते. "मी तिला अर्ज मागे घ्यायला लावला तो कितवा दिवस?"

तू माझ्याविरुद्ध विद्यापीठात दिलेला अर्ज. "दहावा," मी म्हणालो.

"ह्याच टेबलाशी," ती म्हणाली. "मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावत होते. म्हणाले, ज्यानं तुला अंगाखांद्यावर वाढवलं त्याला खोटं पाडतेस? मामा कधी खोटं बोलला नाही, तूच खोटारडी. आणि ती शपथ घेईना, रडत होती. मी थोबाडीत मारली तिच्या." ती थांबली. "तू तिथे बसला होतास. चहा पीत होतास."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

ती रडली नाही. ओरडलीही नाही. मी तयारी केली होती ती ओरडण्याची. तिने कागद नीट घडी घालून माझ्याकडे सरकवला, मग पुन्हा आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "हा मी ठेवते." उठून आत गेली. संध्याकाळी चहा केला, एकच कप, तिचा. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही, एक सोडून. काल सकाळी माझ्यापुढे कागदपेन्सिल ठेवली आणि म्हणाली, "तिचा पत्ता लिही. मोठ्या अक्षरात." मी लिहून दिला. तिने विचारलं, "दार उघडेल का ती?" मग तिने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

बॅग भरून झाली आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. शेजारणीकडून गाडीची चौकशी केली, माझ्याकडून नाही. स्टेशनवर येऊ का विचारलं तर नुसती नकारार्थी मान हलवली. घराची किल्ली तिने कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे, कागदाची जागा होती तिथेच.

चहा अठ्ठावीसला झाला, सहा माणसं आली. कोट घालून गेलो होतो. इस्त्री सुरेख करून आणली होती तिने, तेव्हा तिला काही माहीत नव्हतं.

तुझ्याकडून मला काही नको. माफी मागायचीही लाज वाटते, ती देण्याचं काम पुन्हा तुझ्याच गळ्यात पडायचं. मी गुन्हेगार आहे हे मी तीन पानं लिहून छापायला दिलंय, त्यात भर नको. हे पत्र फक्त आईबद्दल आहे, म्हणून जलद टपालाने पाठवतोय, तिच्या आधी पोचावं म्हणून.

ती शनिवारच्या गाडीने निघेल. रविवार तिनेच निवडला, तुझ्या शाळेला सुट्टी असते म्हणून. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे असं पत्त्यावरून दिसतं. तिला जिना चढायला वेळ लागतो, मधे दोनदा थांबते, आणि कुणी हात धरलेला आवडत नाही. बोलायचं काय ते तिने ठरवलेलं नाही, बोलेल असंही नाही. तुला वाटेल ते तू बोल, ती ऐकून घेईल. मारलंस तरी सोसेल.

पण दाराशी फार वेळ उभं राहणं तिला जमणार नाही. बेल ती एकदाच वाजवते, आणि उघडलं नाही तर आपलं चुकलं असं समजून परत जिना उतरायला लागते. रविवारी सकाळी कुठे जाऊ नकोस.